पॉलिसीच्या एपीआयमधला प्रत्येक नियम कुठून येतो? एमएच-१४ च्या नजरेतून एक छोटा इतिहास

‘इतिहासाचा विद्यार्थी असून तू सॉफ्टवेअरची डॉक्युमेंटं का वाचतोस?’ हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

माझं संशोधन नियमांवर आहे. कायद्यात, कोर्टाच्या निकालात, परिपत्रकात जन्माला आलेला नियम शेवटी संगणकाच्या एका ओळीत कसा जाऊन बसतो, आणि तिथे पोचेपर्यंत त्याच्यातलं काय काय गळून पडतं, हे मी शोधतोय. यासाठी गाडीच्या विम्याइतकं चांगलं उदाहरण नाही. आणि गाड्यांचा विषय निघाला की पिंपरी-चिंचवड आणि चाकण आलंच. इथे गाड्या बनतात, इथेच चालतात, आणि त्यांच्या पॉलिसीचं सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच मंडळी शेजारी हिंजवडीत बसतात.

आधी दोन शब्द समजून घेऊ. एपीआय म्हणजे दोन संगणक प्रणालींमधली खिडकी. तुम्ही एखाद्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून पॉलिसी काढता, तेव्हा ते ॲप विमा कंपनीच्या खिडकीवर एक अर्ज सरकवतं. खिडकीमागचा कारकून (म्हणजे प्रोग्राम) अर्ज आधी तपासतो. नंबर बरोबर आहे का? तारीख जुळते का? सगळं ठीक असेल तर पॉलिसी, नाहीतर अर्ज परत. या तपासणीच्या नियमांना व्हॅलिडेशन रूल म्हणतात. मी त्यांना पडताळणीचे नियम म्हणतो. आणि बाहेरच्या लोकांना ‘आमच्या खिडकीवर अर्ज असा भरा’ हे सांगणारी जी पुस्तिका असते, ते डॉक्युमेंटेशन.

अशा पुस्तिकांमध्ये सहसा एक तक्ता असतो. रकान्याचं नाव, प्रकार, सक्तीचा की ऐच्छिक, किती अक्षरं, चुकलं तर कुठला एरर. बस्स. नियम काय आहे ते कळतं. का आहे, कधीपासून आहे आणि कुणी केला, हे बहुतेक वेळा नसतंच. माझं म्हणणं असं, की हे न लिहिण्याची किंमत कुणीतरी मोजतं, आणि मोजणारा सहसा त्या खिडकीपाशी उभाच नसतो.

तिसरा माणूस

गाडीच्या विम्यात तीन पक्ष असतात. पहिला गाडीमालक, दुसरी विमा कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा कुणीही. नाशिक हायवे ओलांडणारा, शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारा. पॉलिसीच्या करारावर त्याची सही नसते, त्याला पॉलिसी नंबर माहीत नसतो. पण सक्तीचा विमा आहे तो त्याच्याचसाठी.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. त्याआधी गाडीने धडक दिली आणि मालकाकडे पैसे नसले, तर जखमी माणसाच्या हाती कोर्टाचा हुकूम यायचा, रक्कम यायची नाही. भारतात या प्रश्नावर १९३६-३७ मध्ये एक समिती बसली, १९३९ च्या मोटर वाहन कायद्यात विम्याचं वेगळं प्रकरण आलं, आणि ते प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. कायदा झाला एका वर्षी, विम्याची सक्ती आली सात वर्षांनी. नियम ‘होण्याची’ तारीख आणि नियम ‘लागण्याची’ तारीख वेगळी असते, हा धडा सुरुवातीलाच मिळतो. सध्याचा १९८८ चा कायदाही लागू झाला तो १ जुलै १९८९ ला.

हे डोक्यात ठेवून आता एकेक नियम बघू.

नंबरप्लेट: दोन अक्षरं, दोन आकडे…

कुठल्याही पॉलिसीच्या एपीआयमध्ये पहिला नियम गाडीच्या नंबरचा असतो. प्रोग्रामर साधारण असं लिहितो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग दोन आकडे, मग एक-दोन अक्षरं, मग चार आकडे. एमएच, १४, पुढे मालिका, पुढे क्रमांक. बघायला अगदी निर्दोष.

पण ही पद्धतच १९८९ ची आहे. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर मिळायचा. आकुर्डीत बनलेली, ऐंशीच्या दशकात नोंदवलेली एखादी चेतक कुणी जपून ठेवली असेल, तर तिच्या पाटीवर जिल्ह्याचे दोन आकडे नसतातच. ती स्कूटर कायदेशीर आहे आणि तिला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण खिडकीवर गेली की ‘अवैध नंबर’.

दुसऱ्या टोकाला भारत सिरीज. १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेची सोय झाली. केंद्र-राज्य सरकारचे कर्मचारी, सैन्यातले लोक, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी. चाकणच्या मोठ्या कंपन्यांतले बदलीवर फिरणारे इंजिनिअर नेमके यात बसतात. या नंबरात आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे, मग अक्षरं. म्हणजे क्रमच उलटा! ‘पहिली दोन अक्षरं असलीच पाहिजेत’ असं मानणारा प्रत्येक प्रोग्राम त्या दिवशी जुना झाला.

तिसरी गंमत खास इथली. कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेल्या गाडीला नंबरच नसतो. ट्रकचं तर त्याहून वेगळं. बरेच ट्रक नुसती चासी म्हणून विकले जातात, मागची बॉडी नंतर दुसरीकडे बांधली जाते. अशा गाडीला विमा हवा असतो, पण ‘नोंदणी क्रमांक’ रिकामा आणि ‘बॉडीचा प्रकार’ अजून ठरायचा. हे दोन रकाने सक्तीचे करणाऱ्या माणसाने गाडीचं आयुष्य शोरूमपासून सुरू होतं असं धरलेलं असतं. आपल्याकडे ते प्लांटच्या गेटपासून सुरू होतं.

चासी नंबर: आय, ओ, क्यू का चालत नाहीत

नंबर नसला तरी चासी नंबर असतोच. याचा इतिहास आंतरराष्ट्रीय आहे. सतरा जागांच्या या ओळखीचं आयएसओ मानक १९७७ मध्ये आलं. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. पत्र्यावर ठोकलेला नंबर तेल-धुळीतून वाचायचा असतो, त्यातून आलेली ही शहाणी अट. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. एमएटी असेल तर टाटा मोटर्स, एमए१ महिंद्रा, एमडी२ बजाज ऑटो. आपल्याकडे केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम १२२ नुसार उत्पादनाचा महिना आणि वर्षही या ओळखीत यावं लागतं. पण महिन्याचं अक्षर कितव्या जागी येईल, ते कंपनीनुसार बदलतं.

आता खरी गडबड. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून नवव्या जागी ‘तपास-अंक’ सक्तीचा आहे. बाकीच्या सोळा जागांना ठरलेल्या वजनांनी गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं, जी बाकी उरेल ती नवव्या जागी. बाकी दहा आली तर एक्स. एखादं अक्षर चुकलं की बहुतेक वेळा लगेच कळतं. फार सुंदर युक्ती आहे. पण ही अट अमेरिकेच्या नियमातली आहे. युरोपात ती सक्तीची नाही, तिथे फोक्सवॅगनच्या गाड्यांवर नवव्या जागी भरतीचं झेड अक्षर दिसतं. भारतातही ती सक्तीची नाही.

इंटरनेटवर चासी नंबर तपासायचं तयार कोड शोधलं, तर अमेरिकी हिशेबाचं पटकन सापडतं. ते जसंच्या तसं पॉलिसीच्या खिडकीमागे बसवलं, तर चाकणला बनलेली, चाकणलाच विकलेली गाडी ‘खोट्या नंबराची’ ठरू शकते. बजाजच्या चाकण प्लांटमधून केटीएमच्या मोटारसायकली अमेरिकेतही जातात. तिकडे जाणाऱ्या गाडीला तिकडचा नियम पाळावाच लागतो. म्हणजे एकाच छपराखाली बनलेल्या दोन गाड्यांना दोन वेगळे नियम. डॉक्युमेंटमध्ये ‘चासी नंबर वैध असावा’ एवढंच लिहिलं असेल, तर वैध म्हणजे कुठल्या देशात वैध, हे सांगणार कोण?

पुणे म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

गाडीच्या विम्याचे दर आधी एका सामायिक दरपत्रकाने ठरत. शेवटचं मोठं दरपत्रक, इंडिया मोटर टॅरिफ, १ जुलै २००२ पासून लागू झालं. (तारखेकडे लक्ष गेलं का? पुन्हा १ जुलै.) त्यात खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले होते. झोन ए मध्ये आठ शहरं: अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. बाकी सगळा भारत झोन बी. आणि झोन ठरायचा तो गाडी कुठल्या कार्यालयात नोंदली आहे त्यावरून. मालक राहतो कुठे, हा मुद्दाच नव्हता.

१ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले. तरी आजही बऱ्याच कंपन्यांच्या ‘ओन डॅमेज’च्या हिशेबात हे झोन दिसतात. ते साहजिक आहे, कारण वर्षानुवर्षांची आकडेवारी त्याच खान्यांमध्ये साठलेली असते. नो क्लेम बोनसचंही तसंच. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के ही चढण आणि ‘पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर बोनस गेला’ ही अट, दोन्ही टॅरिफच्या काळापासून चालत आल्या आहेत. घर पाडलं तरी ओटा शिल्लक राहावा, तसं.

आता आपला प्रश्न. दरपत्रकात ‘पुणे’ एवढंच लिहिलंय. पिंपरी-चिंचवडची नवनगरपालिका १९७० मध्ये झाली, महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे २००२ मध्ये हे शहर पुण्यापासून वीस वर्षं वेगळी महापालिका होतं. चाकण तर खेड तालुक्यात. मग एमएच-१४ झोन ए की बी? जिल्हा धरला तर पुणे, महापालिका धरली तर नाही. कोडमध्ये कुणीतरी एक उत्तर लिहावंच लागतं, कारण संगणकाला ‘बघू, विचारून सांगतो’ असं म्हणता येत नाही. माझा मुद्दा उत्तराचा नाहीच. ते उत्तर कुणी, कशाच्या आधारावर दिलं याची नोंद पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी आलेला प्रोग्रामर त्याला निसर्गनियम समजतो.

यात अजून एक फाटा आहे. चाकण एमआयडीसीत लातूर, बीड, नांदेडकडून आलेली हजारो मुलं काम करतात. गाडी गावाकडची, म्हणजे एमएच-२४, एमएच-२३, एमएच-२६. राहायला खराबवाडी नाहीतर महाळुंगे. एखाद्या हुशार माणसाने फसवणूक रोखायला ‘पत्त्याचा पिनकोड आणि आरटीओ जुळला पाहिजे’ असा नियम घातला, तर ही सगळी मुलं एका फटक्यात संशयित. नियम कुठल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून केलाय, ते नियमाच्या ओळीत दिसत नाही. नाकारल्या गेलेल्या अर्जांच्या यादीत मात्र दिसतं.

सीसी शून्य

दुचाकीचा थर्ड पार्टी प्रीमियम इंजिनाच्या आकारावर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६. त्यामुळे ‘सीसी’ हा रकाना सक्तीचा, आणि पडताळणीचा नियम: शून्यापेक्षा मोठा आकडा. पेट्रोलच्या जगात यात काहीच चूक नाही. शून्य सीसीचं इंजिन म्हणजे टायपिंगची चूक.

चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढे बंद झाली. जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाने विजेवरची चेतक आली. तिचं उत्पादन आधी चाकणला सुरू झालं, मग २०२२ मध्ये आकुर्डीत त्यासाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. नाव तेच, गाव तेच. पण हिच्यात सिलिंडरच नाही, तर सीसी कुठून येणार? विजेच्या दुचाकींना दरपत्रकात किलोवॅटचे टप्पे आहेत: ३ पर्यंत, ३ ते ७, ७ ते १६ आणि त्यापुढे.

आता एपीआयवाल्यासमोर दोन रस्ते. पहिला: इंधन ‘वीज’ असेल तर सीसीऐवजी किलोवॅट मागायचं, आणि तसं पुस्तिकेत लिहायचं. दुसरा: बाहेरच्यांना हळूच सांगायचं, ‘सीसीत १ टाका, चालून जाईल’. दुसऱ्या रस्त्यात पॉलिसी निघते, पण कागदावर ती गाडी एक सीसीची होते. पुढे कुणी आकडेवारी काढली तर त्यात एक सीसीच्या स्कूटर निघणार. मी याला ‘तोंडी दुरुस्ती’ म्हणतो. लेखी नियम तसाच राहतो, आणि खरा नियम चहाच्या टपरीवर सांगितला जातो. इतिहासाच्या माणसाला ही फार ओळखीची गोष्ट आहे. जुन्या दप्तरांतही लिहिलेला कायदा एक आणि वहिवाट दुसरी असायची.

पस्तीस मिनिटं

आतापर्यंतची उदाहरणं त्रासाची होती. हे उदाहरण त्याहून जड आहे.

१० डिसेंबर १९९१ ला दुपारी २ वाजून २० मिनिटांनी एक अपघात झाला. गाडीची विम्याची कव्हर नोट घेतली होती त्याच दिवशी, २ वाजून ५५ मिनिटांनी. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध सुनीता राठी या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने सांगितलं, विमा घेतल्याची वेळ नोंदलेली आहे आणि अपघात तिच्या आधीचा आहे, म्हणून कंपनी जबाबदार नाही. त्याआधी १९९० मध्ये न्यू इंडिया विरुद्ध राम दयाल प्रकरणात याच कोर्टाने म्हटलं होतं की पॉलिसीत वेळ दिलेली नसेल, तर ती त्या दिवसाच्या सुरुवातीपासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून लागू धरायची.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. वेळ लिहिली तर वेळेपासून, नाही लिहिली तर मध्यरात्रीपासून. म्हणजे एपीआयमध्ये ‘पॉलिसी सुरू’ या रकान्यात फक्त तारीख घ्यायची की तारीख आणि वेळ, हा प्रश्न तांत्रिक राहिलाच नाही. एखाद्या घराला भरपाई कंपनीकडून मिळणार की कुणाकडूनच नाही, हे त्यावर फिरू शकतं.

त्यात सर्व्हरचं घड्याळ. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतातली मध्यरात्र म्हणजे तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. पाठवणाऱ्याने भारतीय तारीख पाठवली, घेणाऱ्याने ती प्रमाणवेळेतली मध्यरात्र समजली, तर पॉलिसी सुरू होते पहाटे साडेपाचला. मधले साडेपाच तास विम्याविना. आपल्या पट्ट्यात त्या तासांत तिसरी शिफ्ट चालू असते आणि मालाचे ट्रक रस्त्यावर असतात. डॉक्युमेंटमध्ये एक ओळ हवी: ‘वेळ भारतीय प्रमाणवेळेतच पाठवावी, अधिक साडेपाच तासांच्या खुणेसह, वेळ न पाठवल्यास अर्ज परत.’ आणि त्या ओळीच्या खाली, ही ओळ कुठल्या निकालांमुळे आहे ते.

असाच दुसरा प्रश्न पैशांचा. १९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ६४-व्हीबी सांगतं, प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. सरळ नियम: पैसे जमा नाहीत तर पॉलिसी नाही. पण चेक घेऊन पॉलिसी दिली आणि नंतर चेक वटला नाही तर? ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध इंदरजित कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पॉलिसी तुम्ही दिलीत, लोकांनी तिच्यावर भरवसा ठेवला, तिसऱ्या माणसाला भरपाई द्या. २०१२ च्या लक्ष्मम्मा प्रकरणात पुढचा खुलासा आला. अपघाताच्या आधी पॉलिसी रद्द केली आणि तसं मालकाला कळवलं असेल, तर कंपनी सुटते.

म्हणजे पॉलिसीला ‘चालू’ आणि ‘रद्द’ अशा दोनच अवस्था पुरत नाहीत. ‘रद्द केली’ आणि ‘रद्द केल्याचं कळवलं’ या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि कायद्याच्या नजरेत वजन दुसरीला आहे. एकच रकाना ठेवणारा एपीआय हा फरक साठवूच शकत नाही.

नियमालाही मुदत असते

जुलै २०१८ मध्ये रस्ता सुरक्षेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नव्या चारचाकीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा द्या. १ सप्टेंबर २०१८ पासून ते लागू झालं. त्याबरोबर कंपन्या ओन डॅमेजसकट तीन आणि पाच वर्षांच्या एकत्र पॉलिसीही विकू लागल्या. मग १ ऑगस्ट २०२० पासून विमा नियामकाने या लांब मुदतीच्या एकत्र पॉलिसी मागे घ्यायला लावल्या. थर्ड पार्टीची तीन-पाच वर्षांची अट मात्र राहिली.

जुलै २०२० मध्ये पाच वर्षांची एकत्र पॉलिसी घेतलेला माणूस २०२३ मध्ये पत्ता बदलायला खिडकीवर आला. त्याची पॉलिसी पूर्ण वैध. पण तपासणारा कारकून आजचा तक्ता बघून म्हणतो, ‘ओन डॅमेज पाच वर्षांचं? असं चालत नाही.’ कारण नियमाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ लिहिलेलंच नाही. तपासताना आजची तारीख धरायची नसते, पॉलिसी निघाली त्या दिवशीची धरायची असते.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण, पीयूसीचं. १० ऑगस्ट २०१७ ला एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण रोखण्यासाठी आदेश दिला: वैध पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नका. नियामकाने जुलै २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं, ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा आठवण दिली. हेतू चांगला होता, हवेचा. पण परिणाम बघा. पीयूसी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून त्या गाडीखाली सापडलेल्या माणसाला भरपाई मिळण्याची वाट अवघड. धूर सोडल्याची शिक्षा मालकाला व्हायची, ती रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला होऊ लागली. विमा कंपन्यांची परिषदच कोर्टात गेली, आणि २६ जुलै २०२४ ला कोर्टाने ती अट काढून टाकली. (पीयूसी काढणं अजूनही सक्तीचंच आहे हं. तुटली ती फक्त विम्याशी बांधलेली गाठ.)

समजा एखाद्या पुस्तिकेत लिहिलंय: ‘पीयूसी क्रमांक: सक्तीचा.’ इतकंच. २६ जुलैनंतर ही ओळ काढायची हे कुणाला कळणार? तिच्याशेजारी २०१७ चा आदेश लिहिला असता, तर आदेश बदलल्याची बातमी वाचून कुणीही पाच मिनिटांत ती शोधली असती. कारण न लिहिलेला नियम काढायची हिंमत कुणी करत नाही. ‘कशासाठी तरी असेल’ म्हणून तो तसाच राहतो.

मग लिहायचं कसं?

एवढं सगळं वाचून ‘काय करायचं ते सांग’ असं कुणी म्हणेल. माझ्या अभ्यासातून मला सुचलेला एका नियमाचा नमुना असा. पीयूसीचाच घेऊ:

- नियमाची खूण: पीयूसी-०१
- काय तपासतो: नूतनीकरणाच्या वेळी वैध पीयूसी आहे का
- आधार: सर्वोच्च न्यायालय, एम. सी. मेहता प्रकरण, आदेश १० ऑगस्ट २०१७. नियामकाचं परिपत्रक, जुलै २०१८
- कधीपर्यंत: २६ जुलै २०२४ (न्यायालयाने अट काढली)
- कुठली तारीख धरायची: नूतनीकरणाची
- मोडला तर: अर्ज परत, आणि काय कमी आहे ते मराठी-हिंदीत समजेल असं
- कोणावर परिणाम: पॉलिसी न निघाल्यास तिसऱ्या पक्षाचं संरक्षण जातं
- अपवाद कोण करू शकतो: हुद्दा

आठ ओळी. यातल्या तीन – आधार, मुदत आणि परिणाम – बहुतेक पुस्तिकांमध्ये नसतात. आणि नेमक्या त्या तीन ओळीच इतिहासाच्या आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे नियमांची प्रतवारी. मी तीन गट करतो. पहिला गट दिसण्याचा: सतरा जागा, आय-ओ-क्यू नाहीत. दुसरा गट अर्थाचा: सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेआधी, विजेच्या गाडीला किलोवॅट. तिसरा गट जगाशी ताडण्याचा: ही गाडी सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत आहे का, आधीच्या पॉलिसीवर क्लेम झाला होता का. पहिल्या गटातला नियम मोडला तर अर्ज परत करणं ठीक. तिसऱ्या गटात मात्र चूक अर्जदाराची असेलच असं नाही, समोरच्या नोंदवहीची असू शकते. तिथे ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘माणसाकडे पाठवा’ असा तिसरा दरवाजा लागतो, आणि तो आहे हे पुस्तिकेत लिहावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढं लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? रास्त प्रश्न. पण या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात जा. बोल्ट किती ताकदीने आवळायचा ते लिहिलेलं असतं, आणि त्या कागदावर तो कधी बदलला, कुणी बदलला, का बदलला याचा रकाना असतो. शॉप फ्लोअरवर त्याला कुणी जास्तीचं काम म्हणत नाही. उद्या ब्रेक फेल झाला तर कुठल्या तारखेच्या गाड्या परत बोलवायच्या, ते त्याच रकान्यातून कळतं. गाडीच्या बोल्टला जी शिस्त आहे, ती गाडीच्या पॉलिसीच्या नियमाला असायला हरकत काय?

पुढच्या लेखात याच पद्धतीने कामगार विम्याची नोंदणी बघणार आहे. तिथे गाडीच्या नंबरऐवजी माणसाचं नाव तपासलं जातं, आणि एका वेलांटीच्या फरकाने काय होतं ते सविस्तर लिहीन. तुम्ही पॉलिसी प्रणालींवर काम करत असाल आणि तुमच्याकडे ‘हा नियम का आहे कुणालाच माहीत नाही’ असा एखादा नियम असेल, तर जरूर कळवा. कंपनीचं नाव नको, नियम तेवढा सांगा. तो कुठून आला असेल, ते शोधून बघू.